गळतीची वही

टॉर्च खाली धर, शहरबानू. पायऱ्या निसरड्या आहेत,
आणि चाळिसावी तर नाहीच, तिथे फळी टाकली आहे.
जूनमध्येही इथे स्वेटर लागतो.
वर वख्श बर्फाचं पाणी घेऊन धडकत असते,
इथे पोचतो तो एवढासाच आवाज:
कुणी झोपेत घोट घेत असल्यासारखा.

घाबरू नकोस. मातीचं धरण गळतंच.
गळत नाही म्हणणारा
एक तर मंत्री असतो, नाहीतर नवशिका.

ही पत्र्याची खाच बघ, उलट्या तंबूसारखी.
पाणी तिच्यातून जातं तिथे पट्टी टेकव.
मिलिमीटर वहीत लिही, पेन्सिलनेच.
शाई इथे पसरते.
मग ग्लास भर, दिव्यासमोर धर
आणि पलीकडची आपली बोटं मोज.
पाच दिसली की वर जाऊन चहा.

दगडाला पाझर फुटावा म्हणून
लोक जन्मभर रडतात.
इथे पाझर रोजचाच. तो गढूळला
की घाम आपल्याला फुटतो.

माझा बाप, कुर्बोनाली, बेलाझ चालवायचा.
सत्तावीस टनी डंपर, चाक त्याच्याहून उंच.
धरणाच्या पोटात चिकणमाती लागते, पाणी अडवते ती तीच;
बाहेरचे दगडगोटे नुसते तिचं अंग सांभाळायला.
तसली माती साहेबांनी सगळ्या खोऱ्यात शोधली
आणि ती सापडली आमच्या जर्दाळूंखाली.
"उत्तम माती," इंजिनिअर म्हणाला, बोटांत चुरून.
"ते आम्हाला ठाऊक होतं," बाप म्हणाला,
आणि दुसऱ्या दिवशी पहिली खेप त्यानेच भरली.
गेलेल्याला मूठमाती देतात.
बापाने गावाला सत्तावीस-सत्तावीस टन दिली,
दिवसाला अकरा खेपा, दोन हिवाळे.

म्हणून कुणी तलावाकडे बोट दाखवून
"तुमचं गाव तिथे ना?" विचारलं, की मी गप्प बसते.
घरं बुडाली, हे खरं.
शेत नाही बुडालं.
शेत इथे उभं आहे, तुझ्या डाव्या हाताला,
काँक्रीटच्या पलीकडे, काळोखात,
पाण्याला पाठ लावून.

वीज खाली जाते, अॅल्युमिनियमच्या भट्ट्यांकडे.
आमच्या नव्या वस्तीत जानेवारीत दिवसाला तीन तास.
दिवे आले की आई आधी इस्त्री करून घ्यायची,
मग आनंद.

भूकंपाच्या रात्रीचं पान वहीत आहे, कोपरा दुमडलेलं.
मी एकटी होते. ग्लास धरला
आणि पलीकडे बोटं नव्हती.
पाणी ताकासारखं.
फोन भिंतीवर, सात पावलांवर.
नियम असा की आधी फोन.
मी आधी ग्लास तोंडाला लावला.

दातांखाली कचकच आली, आणि त्या कचकचीत
आमचं अंगण, नुकतं शिंपडलेलं,
तंदूरच्या कडेला आईने पालथी घातलेली परात.
खाली नदीकाठी गावंच्या गावं झोपली होती, शहरबानू,
आणि मी मिनिटभर, फार तर दीड,
घरी जाऊन आले.

मग फोन केला. माणसं धावत आली,
भोंग्यापाशी एकजण हात ठेवून बसला.
दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी निवळलं.
वहीत एवढंच आहे:
एकोणसाठ मिलिमीटर. गढूळ, चौदा तास.
दीड मिनिटाला रकाना नाही.

उद्यापासून वही तुझी.
पट्टी सरळ धर, वाकून वाच,
उभ्याने वाचलेला आकडा खोटा येतो.
ग्लास रोज धू, फडक्याने नको, बोटांनी.
आणि कधी पलीकडे बोटं दिसली नाहीत,
तर आधी फोन कर.
तुझं गाव इथलं नाही, तुला सोपं जाईल.
आधी फोन.